राजीखुशीने

सूरजने बायकोचा खून केल्याचं कबूल केलं, त्या दिवशी बारामतीच्या कोर्टाबाहेर त्याचं जेवढं कौतुक झालं तेवढं त्याच्या लग्नातही झालं नव्हतं. लग्नात निदान जेवणावरून चार माणसं रुसली होती. इथे सगळं एकमताने चाललं होतं.

"मर्द गडी," चहाच्या गाड्यावरचा एक फेटेवाला म्हणाला. "सायबानं इचारलं, गुन्हा कबूल हाय का? गडी म्हणला, कबूल. संपला इषय."

"त्याच्या वकिलाचं तोंड बघितलं का? टिळा लावून बसावं आन नवरीच पळून जावी, तसं झालं व्हतं."

"मी ह्या कोर्टात एकवीस वर्सं येतोय," तिसरा म्हणाला, आणि त्या सांगण्यात थोडा अभिमान होता. "चुलतभावानं माझा दीड हात बांध कोरला. अजून कबूल न्हाय. दीड हात बांध! आन ह्या पोरानं आख्खं माणूस कबूल केलं."

दीड हात बांध आणि आख्खं माणूस यांचं वजन जो तो मनातल्या मनात करून बघत असावा. मग फेटेवाल्याने निकाल दिला, "खरं बोलायला काळीज लागतं राव."

गाड्यापासून चार पावलांवर, कुंपणाच्या भिंतीला टेकून सारजा बसली होती. ते आख्खं माणूस म्हणजे तिची लेक रोहिणी. गाड्यावर हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी आवाज खाली केला असता, तिला चहा पाजला असता. माणसं काही वाईट नव्हती.

नेमकं काय झालं हे सारजाला अजून उमगलं नव्हतं. आधीच्या तारखेला सूरज "कबूल" म्हणाला तेव्हा न्यायाधीशांनीच त्याला थांबवलं होतं. बाबा रे, याचा अर्थ जन्मठेप, वेळ पडली तर फाशीसुद्धा. आठ दिवस घे, वकिलाशी बोल, मग सांग. आठ दिवसांनी आज तो पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला. मान खाली, आवाज स्वच्छ. त्यांनी लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतर जन्मठेप सुनावली. दीड वर्ष ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस जेवणाच्या सुट्टीसकट तीन तासांत संपला.

सरकारी वकील माधवराव बाहेर आले. चांगला माणूस. पक्षकाराशी बोलताना घड्याळाकडे बघायचा नाही, हात मागे बांधून घ्यायचा.

"चला मावशी, सुटलो," ते म्हणाले.

"मग माझा लंबर कवा?"

"कसला नंबर?"

"साक्षीचा. तुमी म्हणला व्हता, पैल्या साक्षीदार तुमीच."

"आता साक्षीची गरजच नाही. त्यानंच कबूल केलं ना! एकही साक्षीदार न तपासता शिक्षा. असं वर्षानुवर्षं होत नाही, मावशी."

"मग ते कागदावरचं?"

माधवरावांना 'ते' म्हणजे काय हे लगेच आठवलं, यावरून ते खरोखरच चांगले होते हे कळावं. "बघू," ते म्हणाले, आणि दुसऱ्या खटल्याचा पुकारा झाल्यामुळे त्यांची सुटका झाली.

कागदावरचं म्हणजे असं. रोहिणीला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सारजाचा जबाब घेतला होता. ती सांगत होती, हवालदार लिहीत होता. ती जे सांगत होती त्यात हुंदके फार आणि वाक्यं कमी, म्हणून हवालदाराने वाक्यं स्वतःची घातली. खाली अंगठा घेतला. दीड वर्षाने, साक्षीची तयारी म्हणून, माधवरावांनी तो जबाब तिला वाचून दाखवला. 'सदर मयत मुलगी ही त्यानंतर राजीखुशीने नांदावयास गेली,' इथवर ते आले, आणि सारजा म्हणाली, "थांबा. ते पुन्यांदा वाचा."

त्यांनी वाचलं.

"हे खोटं हाय सायेब. राजीखुशीनं न्हाय गेली. आमी धाडली."

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "हे कोर्टात सांगा. मी तुम्हाला विचारीन, मुलगी सासरी कशी गेली? तेव्हा सांगायचं. आधी नाव, गाव सांगायचं. जे घडलं तेवढंच सांगायचं. रडायचं नाही. आणि देवाला मधे आणायचं नाही."

त्या दिवसापासून महिनाभर सारजा साक्ष पाठ करत होती. शेरडं चारताना मोठ्याने म्हणायची. निरवांगीच्या माळावरच्या सहा शेरडांना त्या खटल्याची जेवढी माहिती होती तेवढी कोर्टालाही कधी होणार नव्हती.

*

रोहिणीला काटेवाडीत दिली तेव्हा वस्तीवर सगळ्यांनी सारजाचा हेवा केला होता. बारमाही पाणी, ऊस, दारात दोन जर्सी गाई, जावई ट्रॅक्टरवर. सारजाच्या सासू-सासऱ्यांची हयात मेंढरांमागे चारा शोधत हिंडण्यात गेलेली. घरात नळ आहे म्हटल्यावर आणखी काय बघायचं? नळ बघितला, गोठा बघितला. जावयाचा हात कसा आहे, हे बघायची रीत नव्हती.

सहा महिन्यांनी रोहिणी पहिल्यांदा परत आली. ओठ फुटला होता. कालवणात मीठ जास्त झालं होतं म्हणे. सारजाने पाच दिवस ठेवून घेतलं, सगळ्या आया सांगतात ते सांगितलं, आणि परत लावून दिलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा मीठ बेताचं होतं, तरी हात मोडला होता. तेव्हा मग बैठक बसली.

बैठक बिरोबाच्या देवळापुढं बसली, कारण रोहिणीचा बाप सिद्धू हाच तिथला पुजारी. माजी सरपंच हिंदुराव मधोमध. हिंदुराव अकरा वर्षं माजी होते, पण पद गेलं तरी आवाज राहिला होता. सूरज आला, थोरामोठ्यांच्या पाया पडला, रडलासुद्धा. सिद्धूने देवापुढच्या वाटीतली हळद, म्हणजे भंडारा, त्याच्या ओंजळीत घातला. सूरज म्हणाला, "पुन्यांदा हिच्यावर हात उचलला, तर बिरोबा मला बघून घील."

भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्याला स्टँप लागत नाही. या भंडाऱ्यावर भावकीच्या वाटण्या झालेल्या, सोयरिकी ठरलेल्या, वैरं मिटलेली. त्यामुळे सगळे जेवून उठले ते समाधानाने.

पण शपथेची एक गंमत असते. ती घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त बांधते. चार महिन्यांनी रोहिणी तिसऱ्यांदा आली. एकटी, फाट्यापासून चालत. म्हणाली, "मला हितंच ऱ्हाऊ द्या. शेरडं राखीन."

सिद्धू दोन दिवस देवळातच बसून राहिला. मग म्हणाला, "त्यानं भंडारा उचललाय. आता आपुनच पोरगी ठिवून घेतली, तर आपलाच देवावर इस्वास न्हाय असं व्हतंय. उद्या लोक कुणाच्या हातात भंडारा देतील?"

हे सगळ्या वस्तीला पटलं. सारजालाही पटलं. आपल्याला ते पटलं होतं, हे तिला अजून आठवतं. बाकी पुष्कळ विसरली आहे.

तिसऱ्या दिवशी रोहिणी एसटीत बसली. अकराव्या दिवशी निरोप आला. या वेळी कारण चहाचं होतं. त्याने काय उचललं आणि किती वेळा, ते पंचनाम्यात आहे. इथे नको.

*

कोर्टातून परत येताना एसटीत हिंदुराव पुढच्या बाकावर होते. लासुर्णं येईपर्यंत त्यांना कळ निघाली. ते मागे वळले.

"सिद्धूतात्या, तुमाला काय कळलं का आज?"

सिद्धू खिडकीबाहेर बघत होता.

"भंडारा लागला! अवो, पोलिसाच्या दांडक्यानं न्हाय बोलला, वकिलाच्या अकलीनं न्हाय बोलला. भंडारा मोडला गड्यानं, मग बिरोबा सोडतोय व्हय? जिभेवर बसला आन वदवून घेतलं. न्हायतर आजच्या काळात कोण कबूल व्हतंय सांगा बरं!"

पलीकडच्या बाकावरच्या, वस्तीवरच्याच बानूबाईने डोक्यावरचा पदर सारखा करून तिथूनच हात जोडले. कंडक्टरने "खरं हाय बरं का" म्हणून तिकिटाची पेटी बंद केली. गाडी जंक्शनला पोचेपर्यंत ही गोष्ट निम्म्या गाडीला माहीत होती, आणि निरवांगीच्या फाट्यावर उतरणाऱ्यांना ती फार पूर्वीपासून माहीत होती.

"मारलं तवा कुठं गेलता बिरोबा?" सारजा म्हणाली.

हिंदुरावांचा चेहरा कनवाळू झाला. "वहिनी, तुमी दुःखात हायसा."

दुःखात असलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला काहीही बोलायची मुभा असते. वाईट एवढंच, की ते कुणी ऐकत नाही.

पुढच्या आठवड्यात बारामतीच्या एका साप्ताहिकात बातमी आली : 'खुनी पतीला पश्चात्ताप, सत्याचा विजय.' सूरजचा दुसरा फोटो मिळाला नसावा, म्हणून लग्नातलाच छापला होता. रकाना अरुंद होता. त्यामुळे नवरदेव पूर्ण आला आणि नवरीचा खांदा, एक कान आणि मुंडावळ्यांची एक लड एवढंच मावलं. काटेवाडीच्या कुणीसं सांगितलेलंही त्यात होतं, की पोरगा तसा सरळ, एक राग सोडला तर. एका शाळेत तर गुरुजींनी प्रार्थनेनंतर पोरांना खरं बोलण्याचं महत्त्व सांगताना हेच उदाहरण दिलं. पोरं शांतपणे ऐकत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी आदल्या दिवशी काय झालं ते कुणी विचारलं नाही, त्यामुळे खरं बोलायची वेळ आली नाही.

आणि रविवार भरू लागले. रविवार बिरोबाचा. आधी दोन-चार नारळ यायचे, आता जीपा येऊ लागल्या. ज्याला ज्याच्याकडून काही वदवून घ्यायचं असेल तो त्याला धरून आणायचा. श्रावण संपायच्या आत विहिरीवरची एक मोटर, दोन बोकड आणि एका सोसायटीच्या निवडणुकीतली फितुरी असं सगळं कबूल झालं. हिंदुरावांनी देवळापुढं पत्र्याचं शेड घालायचं मनावर घेतलं. लोक सिद्धूच्या पाया पडायचे. म्हणायचे, "पोटची पोर गेली तात्या, पर देवानं तुमचा शब्द राखला."

सिद्धू ओंजळीत भंडारा घालायचा. बोलायचा नाही. घरीही बोलायचा नाही. नवरा-बायकोत बोलण्यासारखा एकच विषय उरला होता आणि तो दोघांनी उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

भादव्यात सारजा एकटीच बारामतीला गेली. माधवराव बार रूमच्या दारात भेटले. त्यांनी तिला बाकावर बसवलं, स्वतः उभे राहिले.

"ते कागदावरलं बदलून द्या," ती म्हणाली.

"मावशी, निकाल लागला. जबाब त्या फायलीत गेला, फाईल रेकॉर्डला गेली. आता त्यातलं अक्षर कुणालाही बदलता येत नाही. मलाही, साहेबांनाही."

"म्हंजी ती राजीखुशीनंच गेली."

"असं कुणी म्हणत नाही."

"कागद म्हणतोय की."

माधवराव म्हणाले, "अहो, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय."

"माझी बाजू कंची, सायेब?"

वकिलीची पंचवीस वर्षं त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी कोटाचा खिसा चाचपला, दुसरा चाचपला. जे सापडत नव्हतं ते खिशातलं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. शेवटी त्यांनी तिला स्टँडपर्यंत सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत ऊन डोक्यावर घेऊन उभे राहिले.

*

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सोमेश्वरनगरकडून वडापची, शिटा भरून नेणारी एक जीप आली. जीपमधून समर्थ नावाचा एक तरणाबांड पोरगा उतरला, त्याची आई उतरली, दोन चुलते उतरले. मग इंदापूरकडचा, फाट्यावर लेकीला घेऊन जीपमध्ये बसलेला एक वाकलेला गृहस्थ उतरला, तो पोराचा सासरा. सगळ्यात शेवटी त्या सासऱ्याची मुलगी, दिपाली. उराशी धरलेली नायलॉनची पिशवी तिने खाली ठेवली नाही. डोळ्याखाली एक जुना मार होता, काळानिळा होऊन आता हिरवट पडलेला.

"काटेवाडीच्या पोराला कबूल करायला लावलं, तो भंडारा हाच न्हवं?" सासऱ्याने विचारलं.

"हाच," हिंदुराव म्हणाले. "बसा पाव्हणं."

सगळे बसले. वस्तीवरची माणसंही जमली. समर्थने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "माझी चूक झाली. रागाच्या भरात हात उठला."

"बघा," हिंदुराव सगळ्यांकडे बघून म्हणाले, "भंडारा हातात घ्यायच्या आदीच कबूल!"

माणसं कौतुकाने हलली. सासऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. पोरगी परत धाडायची नाही असा निर्धार करून तो घरून निघाला असावा, पण जावई इतका सरळ निघाल्यावर माणसाने ताठर राहून कसं चालेल?

आल्यागेल्याला पाणी द्यायचं काम सारजाचं. तिने तांब्या-भांडं सगळ्यांपुढून फिरवलं, दिपालीला शेवटी दिलं. दिपालीने भांडं डाव्या हाताने घेतलं. उजवा खांद्यातून उठत नव्हता. सारजाने तांब्या खाली ठेवला.

"मला बोलायचं हाय," ती म्हणाली.

"बोला की वहिनी. पर आदी ह्यांचं उरकू द्या."

सारजा थांबली नाही. ती ओळीत उभी राहिल्यासारखी उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना, आणि सुरू झाली.

"माझं नाव सारजा सिद्धू. ऱ्हाणार निरवांगी. माझी लेक रोहिणी, ती काटेवाडीला दिलेली. ती तिसऱ्या बारीला माघारी आली. म्हणली, जात न्हाय. कागदावर लिवलंय, राजीखुशीनं गेली. ते खोटं हाय. मी तिची येणी घातली. मी तिला फाट्यावर नेली. गाडी आली. तिनं दारातला दांडा धरला, पर वर चढंना. कंडक्टर म्हणला, चला, टाइम झाला. मी तिच्या पाठीला हात लावला. हा हात. ढकललं न्हाय, नुसता लावला, असं मी लई दिस म्हणत व्हते. पर ढकललंच. तवा ती चढली. खिडकीत बसली. म्हणली, आई, बारक्या करडाला सांजंचं भाईर ठिवू नगंस, त्याच्या पोटात गार बसतं. गाडी गेली. अकराव्या दिशी तिला मारली."

सारजा रडली नाही. रडायचं नाही, असं सांगितलेलं होतं.

"त्यानं कबूल केलं म्हणून समदे म्हणत्यात भंडारा खरा. मारल्याव कबूल केलं त्यानं. ती जित्ती व्हती तवा कोण काय कबूल झालं न्हाय. आमी बी न्हाय."

माधवराव असते तर त्यांनी कबूल केलं असतं, की साक्ष उत्तम झाली. फक्त शेवटी देव मधे आला.

उलटतपासणी झाली नाही. समर्थच्या आईने पदराने डोळे पुसले, अगदी खरे. मग पोराला म्हणाली, "ऐकलं का रं मुडद्या? नीट वाग आता." एका चुलत्याने "लई वाईट झालं बघा" म्हटलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. कीर्तन संपल्यावर माणसं हलवतात तशा. हिंदुराव घसा खाकरून हळू आवाजात पाहुण्यांना म्हणाले, "दुःखात हायत त्या," आणि मग मोठ्याने, "हं, तात्या. द्या भंडारा."

सिद्धू वाटी घेऊन उभा होता. समर्थने ओंजळ पुढे केली. सिद्धू त्या ओंजळीकडे बघत राहिला.

"तात्या."

"माझ्या हातनं न्हाय व्हायाचं," सिद्धू म्हणाला.

"काय?"

"मी एकदा दिला. पोरगी लावून दिली. आता न्हाय." आणि त्याने वाटी पायरीवर ठेवून दिली.

रोहिणी गेल्यापासून या विषयावर तो पहिल्यांदा बोलला होता. सारजाने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण पाठही केली नाही.

कुजबुज सुरू झाली. सासऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या लांब आणलेलं लग्न पायरीपाशी अडलं होतं. पण गावाला माजी सरपंच असतो तो अशाच वेळेसाठी. "देव काय एकट्या पुजाऱ्याचा न्हाय," हिंदुराव म्हणाले. ते उठले, वाटी उचलली आणि समर्थची ओंजळ भरली. समर्थ स्वच्छ आवाजात बोलला. सगळ्यांनी "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं. आवाज माळावर चांगला लांबवर गेला.

सासऱ्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, "जा बाई आता, सुखानं ऱ्हा," असं म्हणाला आणि इंदापूरची गाडी गाठायला फाट्याकडे चालू लागला. फार भरभर चालला. वळून बघावं लागेल या भीतीने माणूस चालतो तसा.

दिपाली जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. बाकीच्यांचा चहा व्हायचा होता. सारजा जीपपाशी आली. पाठ केलेलं संपलं होतं.

दिपालीनेच विचारलं, "मावशी, तुमची रोहिणी कितीदा आलती माघारी?"

"तीनदा."

दिपालीने मान हलवली. "माझी ही दुसरी," ती म्हणाली. पोर कितवीत आहे, असं विचारल्यावर बायका सांगतात त्या आवाजात.

सारजा तिथेच उभी राहिली. मग तिने पदर खोचला, जीपच्या फळकुटावर पाय ठेवला, दांडा धरला आणि वर चढली. या वेळी कुणाला पाठीला हात लावावा लागला नाही.

चहा संपवून मंडळी आली तेव्हा ती दिपालीशेजारी बसलेली होती.

"वहिनी, कुठं निघाला?"

"पाठराखीण म्हणून जाते."

हिंदुराव हसले. "अवो, पाठराखीण नव्या नवरीसंगं जाती. ती सासरी बुजू नये म्हणून. हिच्या लग्नाला तीन वर्सं झाली."

"व्हय," सारजा म्हणाली. "मला उशीरच झाला."

"आमच्यात आशी रीत न्हाय," समर्थची आई म्हणाली.

"हाय की. समद्यांच्यात हाय. तुमच्यासंगं कोण आलं व्हतं?"

समर्थच्या आईच्या तोंडून "माझी आज्जी" असं निघून गेलं.

"किती दिस ऱ्हाणार?" एका चुलत्याने विचारलं.

"बघू. मी भाकरीला भारी न्हाय. दारात पडून ऱ्हाईन. माझी झोप जागसूद हाय."

समर्थने ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरने हिंदुरावांकडे, आणि हिंदुरावांनी सिद्धूकडे. सत्तर पावसाळे बघितलेल्या माणसांनासुद्धा, दुसऱ्याच्या जीपमध्ये बसलेली बाई कशी उतरवायची याची रीत ठाऊक नव्हती. शेवटी तिचा नवरा आहे, तोच बघेल.

सिद्धू देवळाच्या पायऱ्या उतरून आला. जीपच्या मागे उभा राहिला. सगळे वाट बघत होते. त्याने खाली लोंबकळणारं फळकूट वर उचललं, दोन्ही बाजूंच्या खिळ्या अडकवल्या आणि ते नीट बसलंय का हे हाताने हलवून बघितलं.

"मागं जागा न्हाय मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

वडापच्या जीपमध्ये जागा कधीच नसते. दिपालीने मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली आणि आत सरकली.